धरमपेठेतली डिकॅफ फिल्टर कॉफी: कॉफी ठीकठाक, सोबतचं पत्रक मात्र डोक्यात जाणारं

आधीच सांगून टाकते, कॉफी पिण्यालायक आहे, घ्यायची तर घ्या, पण एकदम पाव किलोचं पाकीट उचलू नका आणि सोबत पिशवीत जे गुलाबी पत्रक टाकतात ते घरी नेऊन रात्री झोपायच्या आधी वाचू नका. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, छोटं दुकान आहे, पोरं मेहनती आहेत, उगाच कोणी जाऊन भांडायला नको. ट्राफिक पार्कच्या बाजूच्या गल्ल्यांमध्ये फिरणाऱ्यांना वासावरूनच सापडेल, संध्याकाळी रोस्टिंग चालू असलं की अख्खी गल्ली घमघमते.

मला सातवा चालू आहे आणि मी कॉफीवाली आहे, चहावाल्या घरात येऊन पडलेली कॉफीवाली. त्यात नागपूरचा उन्हाळा, त्यात झोप नाही, त्यात डॉक्टरांनी सांगितलं कॉफी कमी करा, म्हणून डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी, शोधत होते. ऑनलाइन मिळते पण मला बिया बघून, वास घेऊन घ्यायची होती. मैत्रिणीने या दुकानाचं सांगितलं.

आता चव. डिकॅफ म्हटलं की बहुतेक लोकांच्या डोक्यात पांचट पाणी येतं, तसं हे नाही. तीस टक्के चिकोरी आहे, पाकिटावर लिहिलंय (लिहावंच लागतं, आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के पाहिजे आणि प्रमाण छापायला पाहिजे), त्यामुळे रंग छान काळाभोर येतो आणि दुधात घातल्यावर फिकी पडत नाही. दिनशॉचं फुल क्रीम दूध, साखर एक चमचा, वाटीत वरखाली ओतून फेस काढला की पहिले दोन घोट तर कळतही नाही की यात काही नाहीये. तिसऱ्या घोटाला कळतं. मागे जो एक कडक झटका असतो ना जिभेच्या टोकापासून मागेपर्यंत जाणारा, तो नाही, त्या जागी जरा भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखं काहीतरी राहतं. वाईट नाही, पण सदरच्या इंडियन कॉफी हाऊसची कॉफी ज्यांच्या जिभेवर बसलीये त्यांना फरक कळणारच.

दळण हा मोठा प्रॉब्लेम आहे. डिकॅफच्या बिया ठिसूळ होतात, दळताना भुकटी जास्त पडते, आणि हे लोक त्याच ग्राइंडरच्या त्याच सेटिंगवर दळून देतात. परिणाम, फिल्टरच्या वरच्या भांड्यात पाणी ओतलं की तुंबतं. खालच्या भांड्यात थेंब थेंब, थेंब थेंब, मग बंद. मी चमच्याच्या मागच्या टोकाने फिल्टरच्या कडेला टकटक करत उभी, पोट ओट्याला टेकलेलं, आणि आई (सासूबाई) मागून, "काहून एवढं महागाचं आणलं ते, ठिबकते का नाही ठिबकत, अर्धा कप चहा पी ना गुपचूप." पुढच्या वेळी मी दुकानातल्या मुलाला जाडसर दळायला लावलं, तेव्हा नीट उतरली. तुम्हीही सांगा, स्वतःहून ते करत नाहीत.

किंमत पाव किलोला ५६० रुपये. त्यांच्याच साध्या फिल्टर पावडरच्या जवळपास दीडपट. डिकॅफ सगळीकडेच महाग असते कारण कॅफीन काढायची एक जास्तीची प्रोसेस असते, ते ठीक. पण मग ती प्रोसेस कोणती ते तरी सांगा. मिथिलीन क्लोराइडने काढलंय, इथाइल ॲसिटेटने काढलंय, दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने काढलंय का पाणी आणि कोळशाच्या फिल्टरने काढलंय, पाकिटावर काहीच नाही. मुलाला विचारलं तर म्हणे, "पाण्यानेच काढते ताई, एकदम नॅचरल." कुठे लिहिलंय दाखव म्हटलं तर मालकाला विचारून सांगतो. मालक अजून विचारूनच राहिले.

पाकिटावर "९७ टक्के कॅफीनमुक्त" असं मोठ्या अक्षरात आहे. हे वाचून शून्य समजू नका आणि घाबरूही नका. साधा हिशोब बघा, कॉफीच्या दोन मुख्य जाती, त्यातल्या अरॅबिकाच्या बीमध्ये साधारण सव्वा टक्का कॅफीन असतं आणि रोबस्टामध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. एका कपाला दहा ग्रॅम शुद्ध कॉफी धरली तर अरॅबिकात १२० मिलिग्रॅमच्या आसपास, त्यातलं ९७ टक्के गेलं की उरतं तीन-चार मिलिग्रॅम. रोबस्टा असेल तर सहा-सात. चिकोरीत कॅफीन नसतंच, म्हणजे चिकोरीवाल्या पावडरमध्ये अजून कमी. दोन्ही आकडे किरकोळच आहेत, मला एवढंच म्हणायचंय की बी कोणती ते छापलं असतं तर माणसाला हिशोब तरी करता आला असता. साध्या कॉफीचं म्हणाल तर हैदराबादच्या आयसीएमआर-एनआयएनने (राष्ट्रीय पोषण संस्थेने) २०२४ मध्ये जे आहाराचे नियम काढले त्यात १५० मिलीच्या फिल्टर कॉफीच्या कपात ८० ते १२०, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम दिलंय. म्हणजे आईंच्या "गुपचूप" चहातही ते आहेच, आणि आमच्याकडे दिवसात तो किती वेळा होतो ते मी लिहीत नाही.

आता त्या पत्रकाकडे येते, कारण खरं तर त्याच्यासाठीच हे सगळं लिहून राहिली आहे.

पत्रकावर पोटाला हात लावून बसलेल्या बाईचा फोटो, खाली एक पांढरा उंदीर, आणि मजकूर असा की संशोधनात सिद्ध झालंय, गरोदरपणात कॅफीन दिलेल्या उंदरांच्या पिल्लांना बोटं नव्हती, तुम्ही तुमच्या बाळासाठी काय निवडाल? आणि खाली डिकॅफचं पाकीट. बस. किती कॅफीन, कसं दिलं, कधी दिलं, काही नाही.

मी व्हेटरनरीवाली आहे, सेमिनरी हिल्सला आमच्या कॉलेजात फार्मॅकॉलॉजीत (औषधशास्त्रात) एमव्हीएससी केलंय, उंदरांना डोसिंग या हातांनी केलंय. त्यामुळे हे वाचून मला घाबरायच्या आधी राग आला. प्रयोग खोटा आहे असं नाही म्हणत मी. प्रयोग खरा आहे आणि चांगलाच गाजलेला आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, स्वतः केलेला, त्याच्यावरूनच त्यांनी सप्टेंबर १९८० मध्ये गरोदर बायकांना सांगितलं की कॅफीन टाळा नाहीतर कमी करा. पण पत्रकवाल्यांनी त्यातली अर्धीच गोष्ट उचललीये, जी पाकीट विकायला कामाची तेवढीच.

त्या प्रयोगात कॅफीन गॅव्हाजने दिलं होतं. गॅव्हाज म्हणजे काय ते ज्यांनी केलं नाही त्यांना सांगते. रॅटला (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराला) मानेच्या कातडीला धरून उभं करायचं, तोंडाच्या कडेने एक वाकडी सुई आत सरकवायची, तिच्या टोकाला बारीक गोल मणी असतो म्हणजे अन्ननलिका फाटत नाही, ती पोटापर्यंत गेली की सिरिंज दाबायची. अडीचशे ग्रॅमच्या रॅटला दोन-अडीच मिली औषध एका दमात पोटात. चावतात, ओरबाडतात, नवीन पोरांच्या हातातून सुटतात, तो भाग वेगळा. तर एफडीएच्या त्या प्रयोगात माद्यांना असं रोज एकदम कॅफीन दिलं होतं आणि बोटं नसलेली पिल्लं निघाली ती दर किलो वजनामागे ८० मिलिग्रॅम आणि त्याच्या वरच्या डोसला. मी ६० किलोची धरली (सध्या बरीच जास्त आहे, जाऊ द्या), तर सरळ गुणाकाराने ४८०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे शंभर मिलिग्रॅमचे ४८ कप. आता कोणी म्हणेल अहो उंदीर छोटा, त्याचं शरीर सगळं भराभर पचवतं, सरळ गुणाकार चालत नाही. बरोबर, म्हणून टॉक्सिकॉलॉजीवाले (विषशास्त्रवाले) माणसाचा डोस काढायला रॅटच्या डोसला ६.२ ने भागतात. तसं केलं तरी पावणेआठशे मिलिग्रॅमच्या जवळ जातं, सात-आठ कप, आणि तेही बसून निवांत नाही तर एका घोटात, रोज.

आणि पुढचा भाग जो पत्रकात नाहीच. त्याच लोकांनी मग तेच कॅफीन पिण्याच्या पाण्यात टाकून पुन्हा प्रयोग केला, बाटली पिंजऱ्याला लावलेली, मादी दिवसभर आपल्या मर्जीने चाटते. दिवसाचा डोस २०० मिलिग्रॅम प्रति किलोच्या आसपास गेला, म्हणजे आधीच्या अडीचपट, तरी पिल्लांची बोटं जागेवर. वरच्या डोसला वजन कमी भरलं, छातीच्या मधल्या हाडाच्या तुकड्यांमध्ये हाड भरायला उशीर झाला होता, बस. हा उशीर कसा दिसतो ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. विसाव्या दिवशी गर्भ काढून ॲलिझारिन रेडने (हाडांना लाल करणाऱ्या रंगाने) रंगवून ग्लिसरीनमध्ये ठेवला की मांस काचेसारखं आरपार होतं आणि आत फक्त हाडांचा लाल सांगाडा दिसतो, अंगठ्याएवढा अख्खा सांगाडा, बरगड्या मोजता येतात. जिथे हाड भरलं नाही तिथे लाल ठिपक्याच्या जागी रिकामं. बऱ्याचदा तो फक्त उशीर असतो, पुढे भरून येतो. बोट नसणं ही वेगळी गोष्ट आहे.

म्हणजे मुद्दा रक्तात एका वेळी किती चढतं याचा होता. त्याआधी १९६० मध्ये जपानमध्ये उंदरांवर, म्हणजे छोट्या माइसवर, असंच झालं होतं, २५० मिलिग्रॅम प्रति किलो इंजेक्शनने दिलं आणि टाळू फाटलेली, बोटं बिघडलेली पिल्लं निघाली. इंजेक्शनने! कॉफी इंजेक्शनने कोण घेतं बे.

आता माझ्या नवऱ्याला वाटलं की मी हे सगळं सांगतेय म्हणजे आता साधी कॉफी सुरू. नाही. कारण बोटांच्या भानगडीपायी, खरंच विचार करायला लावणाऱ्या प्रयोगांचं त्या पत्रकात नावच नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त थांबवलं ते माकडांनी. कॅनडात १९८८ मध्ये मकाक जातीच्या माद्यांना पिण्याच्या पाण्यातून कॅफीन दिलं होतं, एका गटाला १० ते १५ आणि दुसऱ्याला २५ ते ३५ मिलिग्रॅम प्रति किलो, आणि त्यांच्यात गर्भपात आणि मेलेली पिल्लं जास्त झाली, नर पिल्लांची वजनं कमी भरली. माकडाला भागायचा आकडा ३.१ आहे. खालच्या डोसच्या दहाला त्याने भागा आणि माझ्या साठ किलोने गुणा, दोनशेच्या आत-बाहेर येतं. हा ४८ कपांचा आकडा नाही, दोन कपांचा आहे. एक प्रयोग आहे, माकडं थोडी होती, माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही, हे सगळं मान्य, पण पत्रक छापायचंच होतं तर हे छापायचं ना.

दुसरा मेंदूवाला. २०१३ चा, फ्रान्सच्या टीमचा, माइसवरचा. पाण्यात लिटरला ०.३ ग्रॅम कॅफीन, अख्खं गरोदरपण आणि पिल्लं दूध सोडेपर्यंत. कॅफीन जागं ठेवतं ते ॲडिनोसिन या झोप आणणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या जागेवर, जाऊन बसून, आणि तेच रिसेप्टर गर्भाच्या मेंदूत पेशींना आपापल्या जागी पोचवायच्या कामात असतात. तर मेंदूला शांत ठेवणाऱ्या पेशी हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतल्या स्मरणशक्तीच्या भागात) काही दिवस उशिरा पोचल्या, पिल्लांना फिट लवकर येत होती आणि मोठी झाल्यावर स्मरणशक्तीच्या टेस्टमध्ये मागे पडली. बोटं सगळी होती हो. बाहेरून बघितलं तर एकदम ओके पिल्लं.

चीनमध्ये वुहानला रॅटवर बरंच काम झालंय, त्यातही वरून धडधाकट आणि आतून गडबड असाच प्रकार. कॅफीनमुळे गर्भाची वाढ खुंटते, वारेतलं जे एन्झाइम आईचा स्ट्रेस हॉर्मोन बाळापर्यंत जाऊ देत नाही तेच कमी होतं, आणि मग ती पिल्लं मोठी झाल्यावर लिव्हरमध्ये चरबी वगैरे. डोस ३० पासून १२० मिलिग्रॅम प्रति किलोपर्यंत, रॅटच्या मानाने मधले ते मोठे.

आणि एक गोष्ट जी प्राण्यांची नाही, आपलीच आहे. कॅफीन वारेतून आरामात पलीकडे जातं आणि बाळाच्या लिव्हरमध्ये ते मोडणारं एन्झाइम जवळपास नसतंच. आपल्या रक्तातलं कॅफीन एरवी पाचेक तासांत अर्धं होतं, शेवटच्या तिमाहीत त्याला पंधरा तासांच्या आसपास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेली फिल्टर कॉफी सकाळी नऊलाही अर्धी आत असते. नवजात बाळात तर अर्धं व्हायला तीन-चार दिवस. (गंमत म्हणजे दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचा श्वास थांबू नये म्हणून एनआयसीयूमध्ये हेच कॅफीन औषध म्हणून देतात. वजन करून, मोजून, मॉनिटर लावून.)

म्हणून शून्य करा असं कोणी मोठी संस्था म्हणत नाही, पण मोकळं रानही कोणी देत नाही. डब्ल्यूएचओने २०१६ मध्ये सांगितलं की ज्या गरोदर बाया रोज ३०० मिलिग्रॅमच्या वर घेतात त्यांनी कमी करावं. युरोपवाले आणि अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना २०० वर थांबतात. माझ्या डॉक्टरांनी मला दोनशेच्या बरंच आत राहा सांगितलं, चहा धरून, आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा-कॉफी दोन्ही नको म्हटलं कारण त्यातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही. माझं हिमोग्लोबिन तसंही रडत असतं, त्यामुळे ते जास्त पाळते. तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, मी जनावरांची डॉक्टर आहे.

तर आता माझं असं चालू आहे की सकाळी नाश्त्याच्या बऱ्याच आधी एक छोटा कप खरी कॉफी, आणि दुपारी चारला जेव्हा कूलरसमोर बसूनही जीव घाबरा होतो तेव्हा ही डिकॅफ, कधी गरम, कधी बर्फ घालून. थंड केली तर हिची चव उलट जास्त चांगली लागते, ती सालीसारखी चव दबते. शनिवारी मैत्रिणी आल्या होत्या, पाटोडी रस्सा झाला, मग सगळ्यांना हीच दिली कोणाला न सांगता, एकीलाच कळलं आणि ती बंगळुरूला राहून आलेली आहे.

दुकानात बसून प्यायची सोयही आहे पण वरच्या मजल्यावर, जिना अरुंद आणि एका बाजूलाच कठडा, सातव्या महिन्यात त्याच्या नादी लागू नका. खाली दोन स्टूल आहेत, त्यावर कुरिअरचे खोके ठेवलेले असतात, म्हटलं की उचलतात. एसी खालच्या मजल्यावर नाही. डिकॅफ कप मागितला तर आधी विचारून घ्या की पोर्टाफिल्टर (मशीनला लावायचा कॉफी भरायचा दांड्याचा कप) धुतला का, कारण माझ्यासमोर त्या मुलाने आधीच्या एस्प्रेसोचा चोथा नुसता ठोकून काढला आणि त्यातच डिकॅफ भरली. मी म्हटलं दादा, धू की रे तो, तर लगेच धुतला, वाद नाही घातला. वागायला सगळे नीट आहेत.

पत्रकाबद्दल मालकाशी बोलले मी, फोनवर. त्यांना डोस वगैरे माहीतच नव्हतं, कोणत्यातरी डिझायनर पोराने करून दिलं म्हणे. मी म्हटलं ते उंदराच्या बोटांचं प्रकरण काढून टाका आणि त्याऐवजी बी कोणती, कॅफीन कशाने काढलं आणि कपात किती उरलं एवढ्या तीन ओळी छापा, गरोदर बाईला तेच पाहिजे असतं, घाबरलेली बाई एकदाच घेते, समजलेली बाई बाळ झाल्यावरही घेईल. "हाव हाव, करतो ना मॅडम" झालं. गेल्या वेळी गेले तर गठ्ठा तसाच काउंटरवर होता.

गुण द्यायचे तर चवीला साडेतीन, दळणाला दोन, वागणुकीला चार, माहितीला एक. दुपारी दीड ते चार बंद असतं, सोमवारी अख्खा दिवस. आणि शंभर ग्रॅमचं पाकीट बोर्डवर लिहिलेलं नाही पण मागितलं तर बांधून देतात, २४० रुपयांत. डिकॅफ उघडल्यावर वास लवकर उडतो, त्यामुळे तेच घ्या.